झरी जामणीचा लाकडी नंदी आणि खेळण्यांचा कायदा

यवतमाळ जिल्ह्याच्या नकाशात आग्नेय कोपऱ्याकडे, पैनगंगेच्या काठाला टेकलेला झरी जामणी हा तालुका आहे. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण येथून दूर पडते. बाजारहाटासाठी येथील माणूस वणीला किंवा पांढरकवड्याला जातो, आणि पैनगंगा ओलांडली की तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो. माजरीहून निघणारा लोहमार्ग वणी, मुकुटबन करीत आदिलाबादकडे उतरतो. त्या मार्गाने कोळसा जातो, सिमेंट जाते आणि माणसेही जातात.

वणीहून मुकुटबनकडे येताना दोन्ही बाजूंस काळी जमीन पसरलेली दिसते. कपाशी, सोयाबीन आणि मधूनमधून तुरीच्या ओळी. मुकुटबनच्या परिसरात चुनखडीच्या पट्ट्यावर सिमेंटचा कारखाना उभा राहिला आहे आणि त्याच्या मालमोटारींची वर्दळ रस्त्यावर सतत जाणवते. तेथून झरी, शिबला, माथार्जुन या गावांकडे वळले की वर्दळ कमी होते. टेकड्या आणि सागाचे जंगल जवळ येते. या भागात कोलाम आणि गोंड समाजाची वस्ती मोठी आहे. कोलामांच्या वस्तीला येथे ‘पोड’ म्हणतात. पोडावर बांबूचे ताटवे आणि टोपल्या विणणारे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आठवडी बाजारात वऱ्हाडी वळणाची मराठी, कोलामी, गोंडी आणि तेलुगू या चारही भाषा एका वेळी कानांवर येतात, आणि भाव मात्र सगळ्यांना सर्व भाषांत कळतो.

या तालुक्याचा आणि मुलांच्या खेळण्यांच्या सुरक्षिततेविषयी दिल्लीत निघालेल्या एका आदेशाचा संबंध काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. तो संबंध श्रावण अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी दिसून येतो.

तान्हा पोळा

श्रावण अमावास्येला पोळा. बैलांना न्हाऊमाखू घालून, शिंगे रंगवून, पाठीवर झूल चढवून तोरणाखाली उभे करतात. झडत्या म्हटल्या जातात. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, विदर्भात तान्हा पोळा भरतो. तो मुलांचा पोळा. मुले लाकडी बैल घेऊन निघतात. त्याला नंदी म्हणतात. चार चाकांच्या पाटावर उभा असलेला हा नंदी दोरीने ओढत मुले घरोघरी जातात, आणि घरातील मोठी माणसे नंदीची पूजा करून मुलांच्या हातावर बोजारा ठेवतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळात, दुसऱ्या रघूजीराजांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली, असे परंपरेने सांगितले जाते. शेती असणाऱ्या घरातील मुलाप्रमाणेच व्यापारी घरातील मुलालाही या दिवशी नंदी हवा असतो. पर्युषणाच्या दिवसांतच हा सण येतो, त्यामुळे वणी-पांढरकवड्याच्या पेठेतील अनेक घरांत एकीकडे व्याख्यानाची वेळ आणि दुसरीकडे नातवाचा नंदी, अशी दुहेरी लगबग असते.

हा नंदी कारखान्यातून येत नाही. विदर्भातील इतर तालुक्यांप्रमाणे येथेही तो सुतार घडवितो. वर्षभर वखर, तिफण, दारे-खिडक्या आणि बैलगाडीची दुरुस्ती करणारा सुतार पोळ्याच्या आधी महिना-दीड महिना उरलेल्या लाकडाचे बैल करू लागतो. वीतभर उंचीपासून मुलाच्या कमरेपर्यंत येणाऱ्या बैलांपर्यंत त्याचे आकार असतात. अंगाला पांढरा किंवा तांबडा रंग, शिंगांना लाल किंवा हिरवा, गळ्यात घुंगरू, वर बेगड. काही नंदी सुतार स्वतः बाजारात मांडतो; काही गावातील जनरल स्टोअर्स किंवा भांड्यांच्या दुकानात ठेवतो. हा व्यवहार बहुधा जांगडीचा असतो. विकले तेवढ्याचे पैसे, उरलेला माल परत. पोळा येतो तेव्हा कापूस घरात यायला अजून दीड-दोन महिने असतात. शेतकऱ्याकडे रोकड नसते, म्हणून सुताराकडेही नसते. नंदीचे चार पैसे त्याला अशा वेळी मिळतात, यातच त्यांचे मोल आहे.

आदेश काय सांगतो

केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाने २५ फेब्रुवारी २०२० रोजी खेळणी (गुणवत्ता नियंत्रण) आदेश काढला. तो १ सप्टेंबर २०२० पासून लागू व्हायचा होता. मुदत वाढवून १ जानेवारी २०२१ पासून तो अमलात आला. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळासाठी तयार केलेली किंवा उघडपणे त्यासाठीच असलेली कोणतीही वस्तू म्हणजे खेळणे, अशी त्याची व्याख्या आहे. ती वस्तू केवळ खेळण्यासाठीच असली पाहिजे असे बंधन व्याख्येत नाही. त्यामुळे ज्याची पूजाही होते आणि ज्याला मूल दोरीने ओढतेही, असा नंदी या व्याख्येबाहेर राहतो असे म्हणणे कठीण आहे.

अशा प्रत्येक खेळण्यावर भारतीय मानक ब्युरोच्या परवान्याखाली आयएसआय हे मानकचिन्ह असले पाहिजे. विजेवर न चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस ९८७३ या मानकाचे निरनिराळे भाग आणि विजेच्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक आहे. कडा धारदार आहेत का, लाकडाला कुसळे आहेत का, सुटणारा लहान तुकडा मुलाच्या घशात अडकेल का, वस्तू किती वेगाने पेट घेते, रंगातून शिसे व इतर घातक द्रव्ये किती झिरपतात, अशा गोष्टी या मानकांत तपासल्या जातात.

व्यापारी कुटुंबांनी विशेष लक्षात घ्यावी अशी गोष्ट मूळ कायद्यात, म्हणजे भारतीय मानक ब्युरो अधिनियम, २०१६ मध्ये आहे. ज्या वस्तूला मानकचिन्ह सक्तीचे आहे ती चिन्हाविना बनविणे आणि आयात करणे तर निषिद्ध आहेच. पण वितरण करणे, विकणे, भाड्याने देणे, विक्रीसाठी साठविणे किंवा मांडून ठेवणे यांनाही तीच मनाई आहे. या कायद्याने पहिल्या अपराधाला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा किमान दोन लाख रुपये दंड, अथवा दोन्ही, आणि पुढील अपराधाला किमान पाच लाख रुपये दंड ठरविला. हा दंड मालाच्या किमतीच्या दहा पटींपर्यंत वाढू शकतो. ‘माल दुसऱ्याने बनविला, मी फक्त विकला’ हा बचाव येथे पुरा पडत नाही. जानेवारी २०२३ मध्ये ब्युरोने मोठ्या शहरांतील मॉल आणि विमानतळांवरील नामांकित दुकानांवर छापे घालून चिन्ह नसलेली सुमारे १८,६०० खेळणी जप्त केली, तेव्हा ही गोष्ट किरकोळ विक्रेत्यांना पुरती उमगली.

कायदा आला तो कशासाठी

हा आदेश निष्कारण निघाला नव्हता. भारतीय गुणवत्ता परिषदेने २०१९ मध्ये बाजारातील आयात खेळण्यांचे नमुने तपासले, त्यांतील सुमारे ६७ टक्के नापास झाले. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरील आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. २०१४-१५ च्या तुलनेत २०२२-२३ मध्ये खेळण्यांची आयात ५२ टक्क्यांनी घटली व निर्यात २३९ टक्क्यांनी वाढली, असे सरकारी आकडे सांगतात.

यातील शिशाचा मुद्दा घरातल्या वडीलधाऱ्यांनीही समजून घ्यावा असा आहे. पिवळा, नारिंगी, लाल असे भडक रंग देण्यासाठी शिशाची संयुगे पूर्वापार वापरली गेली. मूल खेळणे तोंडात घालते, रंगाचे पापुद्रे निघतात, आणि ते शिसे पोटात जाते. मोठ्या माणसापेक्षा मुलाचे शरीर ते अधिक प्रमाणात शोषून घेते. त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. शिशाची कोणतीही पातळी निर्धोक मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लाकडी नंदी आपल्या गावचा आहे, त्याला घडविणारा सुतार ओळखीचा आहे, म्हणून त्याच्या शिंगांवरील लाल रंग आपोआप निर्दोष ठरत नाही.

साठ नंदींचा हिशेब

अडचण सुरू होते ती हिशेबात. समजा, एका सुताराने हंगामात ६० नंदी केले आणि सरासरी ३०० रुपयांना विकले. एकूण विक्री १८,००० रुपये. लाकूड, खिळे, चाके आणि रंग वजा जाता त्याच्या दीड महिन्याच्या मजुरीपोटी यातील जेमतेम निम्मी रक्कम उरेल. आता परवाना, तपासणी आणि प्रयोगशाळेचे शुल्क मिळून १५,००० रुपये खर्च आला असे गृहीत धरू. हा खर्च ६० नंदींवर वाटला तर प्रत्येकी २५० रुपये पडतात. तोच खर्च ६०,००० नग काढणाऱ्या कारखान्यात प्रत्येक नगावर २५ पैसे पडतो. वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षात शिकविला जाणारा स्थिर खर्चाचा हा साधा नियम आहे. नियम सर्वांना सारखा, पण त्याचा भार उत्पादनाच्या संख्येनुसार बदलतो. सुरक्षिततेचा खर्च कारखान्याच्या नफ्यातून जातो. सुताराच्या बाबतीत तो त्याच्या मजुरीतून जातो.

ही अडचण एकट्या भारताची नाही. २००७ मध्ये अमेरिकेत शिशाचा रंग असलेली आयात खेळणी मोठ्या कंपन्यांना लाखोंच्या संख्येने परत बोलवावी लागली. त्यातून १४ ऑगस्ट २००८ रोजी मुलांच्या वस्तूंबाबत कडक कायदा झाला आणि स्वतंत्र प्रयोगशाळेची तपासणी सक्तीची करण्यात आली. ज्यांच्यामुळे हा कायदा आला त्या कंपन्यांनी तपासणीचा खर्च पेलला. घरी बसून लाकडी खेळणी करणारे, हाताने कपडे शिवणारे आणि जुन्या वस्तू विकणारे दुकानदार मात्र हवालदिल झाले. त्यांच्या तक्रारींनंतर तेथील नियामक आयोगाने २००९ मध्ये प्रक्रिया न केलेल्या नैसर्गिक लाकडाला शिशाच्या तपासणीतून वगळले. १२ ऑगस्ट २०११ च्या दुरुस्तीने वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत उलाढाल असलेल्या आणि एका वस्तूचे ७,५०० पेक्षा अधिक नग न काढणाऱ्या लहान उत्पादकांना काही तपासण्यांतून मोकळीक दिली. रंगातील शिशाच्या तपासणीतून मात्र त्यांनाही सूट मिळाली नाही. लाकूड सोडले, रंग सोडला नाही, असा तो विवेक होता.

नदीपलीकडचे निर्मल

भारतातही सवलत आली. ११ डिसेंबर २०२० च्या दुसऱ्या दुरुस्तीने दोन प्रकारच्या मालाला आदेशातून वगळले. पहिला, वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदलेल्या कारागिरांनी बनविलेला आणि विकलेला माल. दुसरा, भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंच्या नोंदणीकृत मालकांचा व अधिकृत वापरकर्त्यांचा माल. याखेरीज त्याच महिन्यात ब्युरोने सूक्ष्म उद्योगांना स्वतःची प्रयोगशाळा नसतानाही परवाना मिळण्याची सोय एका वर्षापुरती केली. पुढे तिची मुदत वाढविण्यात आली.

या सवलतीचा अर्थ पैनगंगेच्या काठावर उभे राहिले की नीट कळतो. नदीपलीकडे, आदिलाबादच्या दक्षिणेस निर्मल हे गाव आहे. तेथील नकाश कारागीर पोणकी नावाच्या हलक्या लाकडाची फळे, पक्षी, प्राणी आणि खेळणी करतात. निर्मलच्या खेळण्यांना व हस्तकलेला भौगोलिक मानांकन आहे. तेथे कारागिरांची संस्था आहे, विक्री केंद्र आहे, आणि गावाचे नाव हीच मालाची ओळख आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेल्या निर्मलच्या कारागिराला आयएसआय चिन्हाची चिंता नाही.

अलीकडच्या काठावरील सुतार तेच काम करतो. फरक असा की, त्याच्या नंदीला मानांकन नाही आणि वर्षातून दीड महिना खेळणी करणारा हा माणूस स्वतःला हस्तकला कारागीर समजतच नाही. तो स्वतःला सुतार म्हणतो. त्यामुळे हस्तकला आयुक्तालयाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करावा हे त्याच्या मनात येत नाही, आणि ते कोणी त्याला सांगतही नाही. ओळखपत्र असलेल्याला सूट आहे, कारखान्याला परवाना आहे. या दोहोंच्या मधल्या जागेत तो उभा आहे. त्याच्या हातातील कसब दोन्ही काठांवर सारखेच असले तरी कायद्याला कसब दिसत नाही, कागद दिसतो.

येथे आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यांत सुतार आहेत, टोपल्या-चटया विणणारे आहेत आणि पारंपरिक बाहुल्या व खेळणी करणारेही आहेत. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाख व दुसऱ्या टप्प्यात दोन लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज, हे तिचे लाभ आहेत. पोडावरील बुरूडकाम करणाऱ्यालाही ती उपयोगी पडेल. परंतु विश्वकर्मा प्रमाणपत्र आणि हस्तकला आयुक्तालयाचे ओळखपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खेळण्यांच्या आदेशातील सूट दुसऱ्या नोंदणीशी बांधलेली आहे. एक कागद हाती आला म्हणून दुसऱ्याचे काम झाले, असे समजू नये.

दुकानाच्या ओट्यावरून

सवलतीचे शब्द व्यापाऱ्याने दोनदा वाचावेत असे आहेत. ‘बनविलेला आणि विकलेला’ माल, असे ते शब्द आहेत. कारागिराने स्वतः बाजारात विकलेला नंदी त्यात निःसंशय बसतो. दुकानदाराने रोख खरेदी करून आपल्या नावाने पुन्हा विकलेला नंदी तितक्या सहज बसत नाही. जांगडीच्या व्यवहारात माल विकला जाईपर्यंत मालकी कारागिराची राहते, ही जुनी रीत येथे उपयोगी पडू शकते. पण तोंडी जांगड अधिकाऱ्यासमोर सिद्ध करता येत नाही. ती वहीत लिहिलेली हवी. कारागिराच्या ओळखपत्राची प्रत, मालाची संख्या, दिलेली तारीख, परत केलेला माल आणि कारागिराची सही किंवा अंगठा, एवढे एका पानावर मावते. त्याहून निर्वेध मार्ग म्हणजे पोळ्याच्या आठवड्यात नोंदणीकृत कारागिरालाच दुकानाच्या ओट्यावर बसू द्यावे आणि त्याने स्वतःच्या नावाने विक्री करावी. दुकानाला गिऱ्हाईक मिळते, कारागिराला जागा मिळते, आणि सवलतीच्या शब्दांनाही धक्का लागत नाही. मात्र त्याच्याकडे ओळखपत्रच नसेल, तर वही कितीही चोख असली तरी तिचा आधार मिळणार नाही. म्हणून नोंदणी आधी, माल नंतर.

कारखान्याच्या खेळण्यांबाबत नियम सोपा आहे. घाऊक विक्रेत्याकडून माल घेताना वेष्टनावर आयएसआय चिन्ह व त्याखाली परवाना क्रमांक आहे ना, हे पाहावे. तो क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर खरा आहे की नाही ते दोन मिनिटांत कळते. खरेदीचे पक्के बिल जपून ठेवावे. चिन्ह नसलेला स्वस्त माल हंगामात पटकन खपतो हे खरे. परंतु किमान दोन लाखांच्या दंडापुढे दहा हंगामांचा नफाही अपुरा पडेल.

राहिला प्रश्न रंगाचा. नोंदणीकृत कारागिराला चिन्हातून सूट मिळाली तरी मुलाच्या शरीराला शिशापासून सूट मिळत नाही. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, हा नियम केंद्राने २०१६ मध्ये केला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो लागू आहे. तो घरगुती व शोभेच्या रंगांपुरता आहे. यंत्रे, लोखंडी फाटके किंवा मालमोटारी रंगविण्याच्या औद्योगिक रंगांना तो लागू नाही. गॅरेजमध्ये उरलेला रंग स्वस्तात मिळतो म्हणून नंदीला लावला गेला, तर ते शिसे थेट मुलाच्या हाती पोहोचते. हे थांबविण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. सुतार रंगाचा डबा ज्या हार्डवेअरच्या दुकानातून नेतो ते दुकान बहुधा व्यापारी कुटुंबाचेच असते. गल्ल्यावर बसलेल्याने डब्यावरील शिशाच्या प्रमाणाचा उल्लेख वाचून योग्य डबा पुढे केला आणि पन्नास-शंभर रुपयांच्या फरकाचे कारण समजावून सांगितले, तर सुताराला ते पटते. शिंगे रंगविण्याऐवजी त्यांना बेगड गुंडाळावी, अंग बिनरंगी ठेवून लाकूड नीट घासून गुळगुळीत करावे, घुंगरू पक्के बसवावे, खिळ्यांची टोके आत ठोकावीत, या सूचनाही खर्चाच्या नाहीत.

रंगाचा डबा सुताराला विकणारा आणि सुताराचा नंदी मुलाला विकणारा, या दोन्ही जागी झरी जामणीसारख्या तालुक्यात व्यापारीच उभा असतो. वणीच्या किंवा मुकुटबनच्या दुकानात अर्ज भरून देणारा एखादा लिहिता-वाचता तरुण असतो, संगणक असतो, बँकेत ओळख असते. सुताराकडे यांपैकी काहीच नसते. ओळखपत्राचा अर्ज पोळ्याच्या तोंडावर करून भागत नाही. तो उन्हाळ्यात, लग्नसराईचे काम संपले की करावा लागतो. तेव्हा दुकानातील एका दुपारचे काम म्हणून दोन-चार सुतारांचे अर्ज भरले गेले, तर भाद्रपदाच्या प्रतिपदेला ओट्यावर मांडलेल्या नंदींमागे कागदही असेल आणि त्यांच्या शिंगांवर निर्धोक रंगही असेल. बोजारा मागायला आलेल्या मुलाला यातले काही कळणार नाही. तो दोरी ओढीत पुढच्या घरी जाईल.